लोखंडी म्हाताऱ्याचा शेवट

नागपूरच्या इतवारीत साडी दाखवणाऱ्यानं घडी मोडली की आधी पदर उघडायचा, अशी रीत आहे. अंगभरचं कापड नंतर. गिऱ्हाईक पदर पाहूनच मनात काय ते ठरवतं, आणि उरलेली साडी उलगडायची की गपगुमान घडी घालायची, हे दाखवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कळतं. भैयाजी सोरते कितीतरी वर्षं हे काम करत होते. त्याआधी ते साड्या विणत. विणण्यापेक्षा दाखवण्यात पोट बरं भरतं, हे कोष्ट्याच्या घरात सगळ्यांच्या लक्षात येतं, फक्त जरा उशिरा. घरचा माग मोडीत निघाला, त्याखालचा खड्डा बुजवून वर फरशी बसली, आणि त्या जागी टीव्ही आला. पुढच्या सगळ्या भानगडी तिथंच घडल्या.

त्यांचा मुलगा प्रज्वल इंजिनिअर झाला होता आणि दिवाळीनंतर बंगलोरला नोकरीवर रुजू होणार होता. बापलेकांत वैर नव्हतं. बोलणंही नव्हतं. "जेवला का?" "हो." "गाडीत पेट्रोल हाय?" "हाय." यापुढे दोघांच्या आयुष्यात बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. वस्तीतल्या इतर घरांच्या मानानं हे संबंध चांगल्यात मोडत.

मग पावसाळ्यात भैयाजी दुकानाच्या माळ्यावरून शिडीसकट खाली आले. पायाला प्लास्टर लागलं आणि बसायची जागा ठरली, टीव्हीसमोर. तिथं प्रज्वलची जपानी कार्टून मालिका चालायची. तिचं जपानी नाव भैयाजींना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ते तिला 'पडकं शहर' म्हणत. वर्णन म्हणून ते बरोबरच होतं. कुठल्याशा महायुद्धानंतर ओसाड पडलेलं शहर, पाण्यात उभ्या इमारती, त्याही मोडक्या, आकाशातून सतत गळणारी राख. पाणी कमरेएवढं, पण पिण्याजोगं थेंबभर नाही. त्यात एक पोरगी आणि तिला सांभाळणारा जुनापुराणा यंत्रमानव. शहराच्या टोकाला एक मनोरा होता. तो चालू झाला की शुद्ध पाणी येईल, म्हणून दोघं तिकडे निघालेले. यंत्रमानव दर भागात काहीतरी विसरत चालला होता. त्याला भैयाजींनी 'लोखंडी म्हातारा' असं नाव दिलं.

"हे कोणतं गाव होय?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"गाव नाई बाबा, शहर होय. पुढच्या काळातलं."

"पुढच्या काळातलं, अन् असं पडकं? मंग लोकं प्यायच्या पाण्याचं काय करतात?"

प्रज्वलनं चमकून बापाकडे पाहिलं. "थेच तं स्टोरी हाय बाबा!" म्हणाला, आणि सांगत सुटला. मनोरा कोणी बांधला, कोणी बंद पाडला, राख कुठून येते. ताटातलं वरण निवलं तरी तो सांगतच होता. शेवटी प्रज्वलची आई रुखमाबाई लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काय झालं जी? काहून भांडून राहिले तुमी दोघं?"

या घरात एवढा वेळ कोणी बोलत असेल तर ते भांडणच असायचं. त्यांची काही चूक नव्हती.

त्यानंतर रोज एक भाग ठरून गेला. भैयाजी प्रश्न विचारत, पोरगा उत्तरं देई. काही प्रश्नांची उत्तरं ठाऊक असूनही भैयाजी विचारत. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी अभिनंदन केलं, आणि भैयाजींना ते फारसं रुचलं नाही. दुकान सुरू झालं. आता दोघांना वेळ सापडे तो फक्त रविवारी. प्रज्वलनं शेवटचे भाग राखून ठेवले.

"जायच्या आधी संगं पाहू," तो म्हणाला. "तुमी आन् मी."

आयुष्यात पोरानं पहिल्यांदाच त्यांना कशाचं तरी आमंत्रण दिलं होतं. भैयाजी त्यामुळे इतके हुरळले की तयारीला लागले. रविवारी पोराच्या बरोबरीनं बोलता आलं पाहिजे. सारखं आपणच काय विचारायचं? त्यांनी दुकानातल्या काजलकडून मोबाईलवर मालिका लावून घेतली आणि दुपारच्या सुट्टीत साड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसून उरलेले सगळे भाग पाहून टाकले. शेवटचा भाग संपला तेव्हा ते उपरण्यानं डोळे पुसत होते. शेजारच्या काउंटरवरच्या केशवनं ते पाहिलं.

"काय झालं गा भैयाजी?"

"म्हातारा गेला."

"अरे बाप्पा! मले सांगाचं नाई का? घाटावर आलो असतो ना."

"लोखंडी होता थो," भैयाजी म्हणाले. केशवनं आपला डबा उघडला.

रविवार आला. प्रज्वलनं पडदे ओढले. रुखमाबाईंनी भजी तळली. पडद्यावर पोरगी मनोऱ्याच्या गंजक्या पायऱ्या चढत होती, मागून लोखंडी म्हातारा लंगडत येत होता. प्रज्वल खुर्चीच्या अगदी काठावर, नख दातात. भजी तशीच. पोराचा जीव असा टांगणीला लागलेला भैयाजींना पाहवेना.

त्यांच्या गल्लीत श्रावणात पोथी बसायची. वाचणारे चंपतराव आधीच सांगून टाकत, "आज राक्षस मरते बरं का, बायाहो. बेफिकीर ऐका." मग बाया बेफिकीर ऐकत, हवं तिथं रडतही. पुढचं आधी सांगितलं म्हणून कोणी कधी तक्रार केली नव्हती. वडीलधारी माणसं असतात कशासाठी? भैयाजींनी मायेनं पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"जिवाले नको लावून घेऊ. थो म्हातारा मरते. पण पोरगी वाचते, आन् पाणीबी येते."

प्रज्वलनं टीव्ही थांबवला. पोरगी एक पाय हवेत ठेवून तशीच राहिली.

"तुमाले कसं मालूम?"

"पायलं ना मी. दुकानात."

"आपण संगं पाहणार होतो ना, बाबा?"

"मंग संगंच तं पाहून राहिलो आता."

प्रज्वल ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. तो फक्त म्हणाला, "डोकं दुखून राहिलं," आणि गच्चीवर गेला. रुखमाबाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"पोथी समजले का जी तुमी त्याले? थ्या पोरानं तुमच्यासाठी ठेवलं होतं थे. तुमी एकटेच खाऊन बसले!"

ही बाजू भैयाजींच्या ध्यानातच आली नव्हती. आली ती अशी, भज्यांच्या ताटासमोर, आणि मग गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्ती करून पाहिली. "मी गंमत केली बे कालची. मरत नाई म्हातारा." प्रज्वल हसला. "राहू द्या बाबा," म्हणाला, आणि बॅगेची चेन लावू लागला. आधीच्या खऱ्यानं जे व्हायचं ते झालं होतं. आता खोटंही भैयाजींच्या खात्यावर चढलं.

तो गेला. शेवटचा भाग दोघांनी मिळून पाहायचा राहिला तो राहिलाच. फोन येत. "जेवला का?" "हो, जेवलो. तुमी?" आता पेट्रोलचंही विचारता येत नव्हतं, गाडी नागपुरातच होती.

उन्हाळ्यात काजल म्हणाली, "काका, तुमच्या पडक्या शहराचा दुसरा सीझन आला. टाकू का मोबाईलवर?" विंचू दिसावा तसा भैयाजींनी फोन मागे ओढला. या वेळी चूक करायची नव्हती. पाहायचं नाही, ऐकायचंही नाही. पोरगा घरी येईल, पडदे ओढेल, तेव्हा कोऱ्या मनानं शेजारी बसायचं. आयाबहिणींसोबत दुकानात आलेली कॉलेजची पोरं त्यावर बोलू लागली की भैयाजी माठाकडे जाऊन पाणी पीत. त्या उन्हाळ्यात ते भरपूर पाणी प्यायले. केशवनं त्यांना साखर तपासून घ्यायचा सल्ला दिला.

एका रविवारी संध्याकाळी फोनवर त्यांनी विषय हळूच काढला. "थ्या शहराचा दुसरा भाग आला म्हणतात."

"हो, पाहिला ना. रूमवरच्या पोरांसोबत. पुरा."

प्रज्वलच्या बोलण्यातलं 'पायला' आता 'पाहिला' झालं होतं, हेही भैयाजींना त्याच क्षणी जाणवलं.

"मंग? काय होते पुढं?"

"तुम्ही नाही पाहिला?"

"नाई. तू सांग ना."

"नको बाबा. तुमची मजा जाईल."

"नाई जात माही मजा. सांग तू. पोरीचं काय होते?"

"नाही नाही, आधी सांगणं बरोबर नाही. तुम्हीच पाहा आरामात. चला, पोरं बोलवतायत, ठेवतो."

तो इतक्या अदबीनं बोलला होता की त्यात टोमणा शोधूनही सापडेना. भैयाजींनी बराच शोधला. टोमणा सापडला असता तर निदान भांडण उभं राहिलं असतं, आणि भांडण म्हणजे या घरात बोलणंच होतं.

"काय म्हणे?" रुखमाबाईंनी विचारलं.

"तुमीच पाहा म्हणे."

"मंग पाहा ना. टीव्ही का कोनं धरून ठेवला?"

त्यांनी टीव्ही लावला. तेच शहर, पण राख थांबलेली. पोरगी मोठी झालेली, केस कापलेले. भिंतींवर हिरवं शेवाळ आणि नळाला पाणी. पहिला भाग अर्ध्यावर आला तेव्हा धुक्यातून एक काळा कोट घातलेला माणूस चालत आला आणि पोरीला नावानं हाक मारून थांबला. चांगला की वाईट, ओळखीचा की परका, काही पत्ता लागेना.

"हा कोन होय गा?" भैयाजींनी सवयीनं विचारलं.

"मले काय मालूम बाप्पा," आतून रुखमाबाई म्हणाल्या. "मी कुठं पायते थे?"