कठड्याच्या बाहेर
घामेजलेल्या हॉकी ग्लोव्ह्जचा आंबूस वास आला की मला नाशिकच्या सिमेंटच्या रिंकवरची ती फायनल आठवते. बर्फावरच्या हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी लेहला कोणता संघ जाणार, हे त्या चाकांच्या स्केट्सवरच्या सामन्यात ठरणार होतं. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि बचावाला मी होते. माझा गुडघा सुजून पॅडमध्ये मावत नव्हता. समोरची स्ट्रायकर दोनदा पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन माझ्या बाजूने सुसाट निघून गेली, गोलकीपरने कसंबसं वाचवलं. आमचे प्रशिक्षक सर कठड्याशी येऊन हळूच म्हणाले, "मी तुला काढणार नाही. तूच सांग." मी बेंचवर बसलेल्या ओझरच्या नव्या मुलीकडे बोट केलं आणि बाहेर आले. ती पांढरीफटक पडली. "ताई, मला नाय जमणार!" "त्या स्ट्रायकरकडे बघूच नको, पकवर नजर ठेव," मी म्हणाले आणि शेवटपर्यंत कठड्यावरून ओरडत राहिले. शिट्टी वाजली, गोल झाला नव्हता. संघ लेहला गेला, मी गुडघ्याच्या ऑपरेशनला. पुन्हा खेळले नाही. आता मी प्रशिक्षक आहे, संघटनेच्या निवड समितीवरही आहे. एखाद्या मुलीला वगळायचं ठरलं की मी फोन करत नाही, तिच्या शेजारी जाऊन बसते.