लिओनाचा वर राहिलेला हात

लिओना गिलफेदर माझी शेजारीण. चाळीस वर्षं आमच्या अंगणांमध्ये एकच कुंपण होतं, पण मी तिला कितीसं ओळखत होतो? तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव मला त्याच्या अंत्यविधीला कळलं. त्यामुळे हे मी लिहावं की नाही, याची अजून खात्री नाही.

अमेरिकेतल्या व्हर्मांटमधल्या आमच्या गावात दर मार्चमध्ये गावसभा भरते आणि कर, रस्ते सगळं हात वर करून ठरतं. त्या वर्षी नवा ठराव होता. घराच्या किमतीप्रमाणे कर वाढवायचा, म्हणजे तळ्याकाठच्या बंगल्यांवर जास्त पडणार, आणि त्या पैशांतून गरजू घरांना हिवाळ्यात घर गरम ठेवायचं तेल द्यायचं. लिओनाचा उजवा खांदा निकामी झाला होता. लाकडं फोडणं बंद. तेल मिळालं नाही तर घर विकून बहिणीकडे जायचं, एवढंच उरलं होतं.

चर्चा संपताच ती उठली. "मतदान चिठ्ठ्यांवर घ्या."

"हातानं काय वाईट आहे?" सभाध्यक्ष क्लेटन म्हणाला.

"इथं ज्यानं हात वर केला त्याच्या घरी तेल नाही, हे गावाला कळतं. ही माणसं ठरावाच्या विरोधात नाहीत रे. शेजाऱ्याच्या नजरेला भितात."

मागून ड्वाइट ओरडला, "तुला फुकटचं तेल हवंय, असं सरळ सांग ना, म्हातारे!"

"हवंय. सांगितलं. आता तू सांग, तुझी तेलाची टाकी कोण भरतं? सासराच ना?"

हॉल खदखदून हसला. ड्वाइट खाली बसला.

चिठ्ठ्यांसाठी सात जणांनी उभं राहायचं, असा नियम आहे. लिओना धरून सहा झाले. क्लेटन थांबला. माझी टाकीसुद्धा तळाला गेली होती. मी सभेच्या जेवणाच्या ताटलीतल्या घेवड्याकडे बघत बसलो.

"सहाच," क्लेटन म्हणाला.

मग हात वर झाले. बाजूनं एकतीस: डॉक्टर, शिक्षिका, तळ्याकाठचीही दोन-तीन माणसं. विरोधात अठ्ठावन्न. आमच्या रांगेतल्या ठिगळाच्या कोटवाल्यांनी विरोधात हात वर केले. मी कुठल्याच बाजूनं केला नाही.

लिओनाचा हात मात्र वरच होता, तोच दुखऱ्या खांद्याचा.

"लिओना, मोजून झालं."

"तुझं मोजून झालं असेल. यांचं अजून बघून झालेलं नाही."

पुढचा ठराव वाचून होईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.

सप्टेंबरात तिचं घर विकलं गेलं. बहिणीचा ट्रक दारात उभा होता. मी कुंपणापाशी गेलो. त्या सातव्या माणसाबद्दल काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो.

"एल्डन," तीच म्हणाली, "तुझ्याकडे दोरी आहे का? कपाटाचं दार उघडतंय."

"आहे. जाड की बारीक?"

"जाड आण."