चुलीतला अंगारा

माझ्या सासरवाडीच्या मागे जो डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर जाऊन आलो असं मी बायकोला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. ते खोटं होतं. ती गेल्यावर सात महिन्यांनी मी तो डोंगर खरोखर चढलो, कशासाठी, तर त्या खोट्याची तिच्याकडे माफी मागायला. गेलेल्या माणसाची माफी मागायला डोंगर चढणारा दुसरा गाढव हिंगोली जिल्ह्यात असेल, तर त्याने मला जरूर भेटावं. चहा माझ्याकडून.

आधी खोटं कसं झालं ते सांगतो. माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. वसमत डेपोत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. इतकी वर्षं रोज शंभर मैल फिरलो, पण माझ्या पायांना त्याची खबर नव्हती. पोट मात्र असं सुटलं की धाकटा मेहुणा म्हणायचा, "दाजी, फाट्यावर आधी तुमचं पोट येतं, मग गाडी येती."

बायकोचं माहेर डोंगरकड्याच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला. माथ्यावर नाथबाबाची धुनी आहे, बारा महिने धुमसत असते. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की त्या धुनीचा अंगारा आणून कपाळाला लावायचा, अशी त्या गावाची रीत. तो रक्ताच्या नाहीतर लग्नाच्या माणसानेच आणायचा, अनवाणी चढून. दुसऱ्या कुणाला पाठवलेलं चालत नाही.

नांदेडच्या दवाखान्यातून तिला घरी आणली तेव्हा माघ चालू होता. ती म्हणाली, "गोळ्या घेतेच मी. पण धुनीचा अंगारा आणून द्या. तुमीच आणा."

गेलो की. चपला पायथ्याला काढल्या आणि चढायला लागलो. वाट म्हणजे काय, सागाच्या जंगलातून सरळ उभी गेलेली मुरमाची घसरण. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं पाऊल खाली. तळव्यात बोरीचे काटे. ते काढायला वाकावं तर पोट मधे. निम्म्यावर एक सपाट दगड आहे, गुराखी तिथे दुपारचे टेकतात. मी टेकलो. उठायचं म्हणून तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. समोर तीन दगडांची चूल होती, गुराख्यांनी कधीतरी चहा केलेली, आणि तिच्यात राख. गार, पांढरी, मऊ राख.

मी रुमाल काढला. राख बांधून घेतली. शिवाय त्या चुलीला हात जोडले, म्हणजे लबाडीही साग्रसंगीत झाली.

घरी येऊन तिच्या कपाळाला लावली. तिने डोळे मिटून घेतले होते. तसंच विचारलं, "वर गेलतेत ना बराबर?"

"मग काय. पार टोकाला."

"काय दिसतं आता वरून?"

इथे "काही नाही, झाडी आहे" म्हणून गप बसायचं. पण गप बसणं मला कधी जमलंय? म्हणालो, "साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. धूर निघून राहिला होता."

"हां," ती म्हणाली, आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा, "अजून काय दिसलं?" मग इसापूरच्या धरणाचं पाणी दिसलं. तिसऱ्या दिवशी आखाडा बाळापूरचा बाजार दिसला. पुढे माझी जुनी गाडी घाट चढताना दिसली, तिच्या मागच्या काचेला गेलेला तडासुद्धा दिसला. ती म्हणाली, "चष्मा लावून गेलतेत वाटतं." मी म्हणालो, "आपलं घरबी दिसलं असतं, पण ऐनवेळी ढग आडवा आला." त्यावर ती इतकी हसली की पाणी पाजावं लागलं. त्या दिवसांत मी दिवसभर फक्त एकच विचार करायचो, आज संध्याकाळी काय दिसलं म्हणून सांगायचं.

गुढीपाडव्याच्या आधल्या आठवड्यात ती गेली.

त्यानंतर मला ती राख सुखाने जेवू देईना. वाटायचं, खरा अंगारा आणला असता तर? डॉक्टर म्हणाले होते काहीच फरक पडणार नव्हता. मलाही ते पटतं. पण तिने मागितलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि मी तिच्या कपाळाला चहाच्या चुलीतली राख फासली. दिवाळी झाल्यावर मेहुण्याला म्हणालो, मला वर जायचंय.

"तुमी?" तो म्हणाला. "दाजी, तुमचा फोटो नेऊन ठेवतो की वर. काहून उगं तकलीफ?"

पण आला बरोबर. गवत कमरेएवढं होतं, झाडं पानांनी गच्च. तो पुढे, मी मागे, आणि माझा श्वास आमच्या दोघांच्याही पुढे. सपाट दगडापाशी मी म्हणालो, "थोडं बसू."

"इथं नका बसू. इथं बसले की तुमी वर येत न्हाई."

मला वाटलं, सहज टोमणा. रडत-खडत, दोन ठिकाणी तर चक्क रांगत, मी माथा गाठला.

माथ्यावर देवराई होती. जुने वड, पिंपळ, बिब्याची झाडं, एकमेकांत घुसलेली. धुनीच्या आसपासची फांदीसुद्धा तोडत नाहीत म्हणे, पिढ्यान्‌पिढ्या. आत अंधार आणि मधोमध धूर. मी कडेकडेने फिरून फांद्या बाजूला सारायला लागलो.

"काय हुडकून राहिले?" मेहुण्याने विचारलं.

"इथून कारखाना न्हाई दिसत?"

"इथून आभाळ धड दिसत न्हाई, दाजी."

मी होतो तिथेच उभा राहिलो. "तुझ्या बहिणीला माहीत होतं हे?"

"लहानपणी दर सोमवारी येत होती ती इथं." तो धुनीजवळ उकिडवा बसला. "मला फोन करायची. आज दाजीला धरणाचं पाणी दिसलं म्हणायची. आज बाजार दिसला. लई हसायची."

कंडक्टर असताना बिनतिकिटाचा माणूस मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो, आणि खाली उतरवायचो. तिने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि बसू दिलं होतं.

"मग तू काहून न्हाई आणलास? तू तर रक्ताचा. तुझं तासाभराचं काम."

"म्हणलो होतो मी. अक्का, आणून देतो, दाजीला कळू देत न्हाई. नको म्हणली."

"काहून?"

त्याने काडीने निखारा उकरला. "म्हणली, तुझा लावला की त्यांचा खोटा झाला. रोज सांजच्याला खुर्ची वढून जवळ बसतेत, सांगतेत. आजवर घरात असे कवा बसले न्हाईत. तेवढं राहू दे."

नोकरीतल्या संध्याकाळी मी कुठे असायचो ते आठवून पाहिलं. कुठल्या ना कुठल्या स्टँडवर. घरात नाही. आणि तिला अंगारा हवा होता, खरंच हवा होता. तिने गंमत म्हणून मागितला नव्हता. माफीची वाक्यं मी वाटेत जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आता कामाचं राहिलं नव्हतं.

मेहुण्याने धुनीतून ओंजळभर अंगारा काढून पानावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "घरी न्या, दाजी. इतकं चढून आलात."

"कोणाला लावू?"

तो पान तसंच हातात धरून बसला. मग म्हणाला, "माझी म्हैस आटून राहिली. तिला लावतो मग."

"लाव," मी म्हणालो.

त्याने पुडी बांधून खिशात टाकली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. चला म्हणायला तो लवकर वळला नाही.