न आलेल्या महिन्याचा पगार

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही! इतकी वर्षं ही केस मी चारचौघांत अर्धीच सांगत आलो. आज पूर्ण सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. मी मूळचा साताऱ्याकडचा, नुकताच फौजदार झालेला, आणि नेमणूक बुलडाणा जिल्ह्यात, मोताळ्याकडच्या एका ठाण्यावर. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी लिहायला बसलो होतो, तोच मेहकरचे एक कापडव्यापारी धाडकन आत आले. काळी टोपी, घामानं भिजलेला सदरा, आणि बसायच्या आधीच,

"साहेब, माह्या जावयाले आत टाका!"

आमचे हवालदार माझ्या वडलांच्या वयाचे. सगळं ठाणं त्यांना चाचा म्हणायचं. चाचांनी स्टूल सरकवलं. "बसा तं आधी, काका. जावयाले आत टाकायची इच्छा सगळ्याच सासऱ्याइची असते. गुन्हा काय ते सांगा."

गुन्हा असा. जावई धामणगाव बढ्याजवळच्या एका गावचा. आधी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत, तिकडे नुसतं जिन म्हणतात, मुनीमाच्या हाताखाली होता. त्या जिनवाल्यांच्या मेव्हण्याची आखातात इमारती बांधायची कंपनी. त्या कंपनीनं आपल्या नावावर व्हिसा काढून याला तिकडे मॅनेजर म्हणून बोलावलं. आणि त्या देशाचा नियम असा, की मॅनेजर म्हणून बाहेरचा माणूस आणायचा तर करारात अमुक इतका पगार लिहिलाच पाहिजे. त्याच्या खाली एक रुपयाही असेल तर मॅनेजरचा व्हिसा मिळत नाही. तो करार साखरपुड्यात सगळ्या बैठकीसमोर वाचला गेला होता. आकडा आला तेव्हा लोक "पुन्हा वाचा, पुन्हा वाचा" म्हणाले म्हणे!

"माही पोरगी मॅट्रिक हाय साहेब," सासरेबुवा म्हणाले. "मले वाटलं, मॅनेजरच्या घरी राज करीन. वर्ष झालं, जावई पैसे पाठोते ते माह्या दुकानातल्या नोकराच्या पगाराइतके! वरून त्या देशात म्हणे एवढ्या पगारवाल्याले बायको सोबत नेता येते. मंग काऊन नेऊन नाई राह्यला? तिकडं दुसरी ठेवेल हाय, दुसरं काय!"

जावई सुट्टीवर आलेला होता आणि चार दिवसांनी परत जाणार होता. सासऱ्यांना दोन गोष्टी पाहिजे होत्या. जावयावर फसवणुकीचा गुन्हा, आणि मुलीला कायमचं घरी न्यायचं. सोडचिठ्ठीचा मजकूरसुद्धा ते वकिलाकडून लिहून घेऊन आले होते! म्हणजे चार दिवसांत एक संसार मोडणार की राहणार, ते आमच्या चौकशीवर आलं.

दुपारी जावयाला बोलावलं. सफारी सूट, गॉगल, पायात चकचकीत बूट. सोबत त्याची बायको. ती बाहेर बाकावर बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील. दोघं एकमेकांकडे बघेनात.

"या मॅनेजरसाहेब," चाचा म्हणाले, "आमच्या ठाण्यात एसी नाई, वारा घ्याले फाईल देऊ का?"

तो हसला नाही. मी विचारायला सुरुवात केली.

"पगार किती?"

त्यानं करारातला आकडा सांगितला.

"हातात किती येतो?"

"तितकाच, साहेब."

"मग जातो कुठं?"

"खर्च होते."

नोकरीत एक गोष्ट मी फार लवकर शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हा तसाच देत होता. पण त्यानं पिशवीतून पावत्यांचा गठ्ठाच काढून माझ्या टेबलावर ठेवला. "पाहा ना साहेब. पूर्ण पगार घेतल्याच्या पावत्या." छापील इंग्रजी पावत्या, वर महिना टाईप केलेला, मधे पूर्ण आकडा, खाली याची सही. मी एकेक सही ताडून पाहिली, चांगला अर्धा तास. सगळ्या सह्या एकाच हातच्या. मला वाटलं, संपलं, पगार याला मिळतो आणि हाच कुठंतरी उधळतो.

"तिकडे दुसरी बाई आहे?"

त्यानं दाराकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "हाव."

अहो, चाचांचं लिहिणं थांबलं! इतकी सरळ कबुली मी तोवर पाहिली नव्हती. बाहेरून सासरेबुवा वादळासारखे आत घुसले. "पाह्यलं? म्या म्हटलं होतं का नाई! घ्या लिहून! सही घ्या याची!"

त्यांच्या मागून ती आत आली. मला वाटलं आता रडारड होणार. ती रडली नाही. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, त्या पावत्या मी पाहू का?"

मी गठ्ठा तिच्याकडे सरकवला. ती एकेक पावती उलटत गेली. वडील मागे बडबडतच होते.

"बाबा, गप राह्या जरा." मग एक पावती वेगळी काढून तिनं माझ्यासमोर धरली. "साहेब, याच्यावर ऑगस्ट लिहेल हाय. यंदाचा ऑगस्ट."

"मग?"

"ऑगस्ट म्हंजे पोळ्याचा महिना. आता तं आंबे चालू हायेत."

मी पावती ओढूनच घेतली. ऑगस्ट. खालची सप्टेंबर. तिच्या खालची ऑक्टोबर. पुढच्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत! सगळ्यांवर पूर्ण पगार मिळाला, आणि सगळ्यांवर याची सही. अर्धा तास मी सह्याच बघत बसलो होतो. महिन्याकडे माझी नजर एकदाही गेली नव्हती, आणि बाकावरून उठून आलेल्या मुलीनं ते दोन मिनिटांत काढलं.

पण खरा धक्का पुढंच होता. जावई घाबरला नाही. त्याला कळेचना की आम्ही सगळे असे का बघतोय!

"त्यात काय हाय साहेब? वर्षभराच्या सह्या तं एकदमच होतात. आमच्या जिनातबी तसंच असते."

चाचांनी मान हलवली. "खरं सांगून राह्यला तो, साहेब." मग त्यांनी मला समजावलं. काही जिनांत हंगाम सुरू व्हायच्या दिवशी पूजा होते, नारळ फुटतो, आणि त्याच मुहूर्तावर मजूर अख्ख्या हंगामाच्या हजेरीपटावर सह्या-अंगठे करून मोकळे होतात. पटावर सरकारनं ठरवलेली मजुरी, हातात मालकाच्या मनाला येईल ती. तपासणीवाला आला की कागद चोख. हे सगळ्यांना ठाऊक. मी सोडून सगळ्यांना!

या पोरानं तेच केलं होतं. गेल्या वर्षी निघायच्या आधी जिनाच्या ऑफिसात बारा पावत्यांवर सह्या. या आठवड्यात पुढच्या बारांवर, त्या कंपनीत नेऊन द्यायच्या होत्या. जुन्यांच्या त्याच्याकडच्या प्रती आणि नव्या पावत्या एकाच पिशवीत. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, म्हणून अख्खा गठ्ठा पोलिसापुढं ठेवला.

"हातात किती मिळतो?" मी विचारलं.

"तिसरा हिस्सा."

"आणि बाई?"

"नाई साहेब. कोनीच नाई."

"मंग हाव काऊन म्हटलं बे?" चाचा ओरडलेच.

"खरं सांगतलं तं व्हिसा जाते, चाचा. व्हिसा कंपनीच्या नावावर हाय, माह्या नाई. पगार कमी हाय म्हटलं का मॅनेजरचा कागदच खोटा. बाईचं म्हटलं तं वाटलं, सासरे चिडतीन, दोन साल बोलणार नाईत. नोकरी तं राहीन."

 सोडचिठ्ठीचा कागद सासरेबुवांच्या हातात चुरगळत होता.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "मग तिकडे मॅनेजर म्हणून काम तरी काय करतोस?"

"चाळीस मजूर हायेत. त्याइले उठोतो, जेवू घालतो, कामावर लावतो. अन सह्या घेतो."

"कसल्या सह्या?"

त्यानं टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "त्याइच्याबी. वर्षभराच्या."

त्याची बायको खुर्ची ओढून बसली. आता मात्र तिनं नवऱ्याकडे सरळ पाहिलं. "दुसरी बाई असती तं मी माहेरी गेली असती. हे आयकून मी कुठी जाऊ?"

मी तालुक्याला वरिष्ठांना फोन लावला. वरून उत्तर आलं, परदेशातली भानगड, आपली हद्द नाही, अर्ज घ्या आणि सोडून द्या. मी तापलेलो. म्हटलं, साहेब, सह्या झाल्या जिनाच्या ऑफिसात. जिन आपल्या हद्दीत. खोटा दस्तऐवज इथंच तयार झाला! पलीकडून इतकंच, "बघा तुमचं तुम्ही."

आता लागत होता त्या पोराचा जबाब. जबाब दिला की परतीचा रस्ता बंद. व्हिसा जाणार, मॅनेजरकी जाणार, गावात तोंड दाखवायची चोरी. मी त्याला म्हणालो, अगदी छाती पुढं काढून म्हणालो, "तू जबाब दे. बाकीचं माझ्यावर सोड. त्या जिनवाल्यांना शिक्षा लावतो."

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"द्या," ती म्हणाली. "अन पोळ्याले इथंच राहा. पाहू त्या महिन्याचा पगार कोठून येते ते."

चार पानी जबाब झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही जिनावर झडती घेतली. हंगाम नव्हता, यंत्रं बंद, सरकीचा वास तेवढा कोंडलेला. मालकाच्या खुर्चीमागच्या कपाटात आणखी सात जणांच्या सह्यांचे गठ्ठे निघाले. सातही जण कागदावर मॅनेजर! मालक शांत होते. आम्हालाच चहा विचारला आणि म्हणाले, "साहेब, कायद्यानं आकडा मागतला, आम्ही आकडा देला. याच्यात चुकलं काय?"

पंच म्हणून फाटकाजवळचा चहावाला आणि एक हमाल घेतला. चहावाला चुळबुळत होता. "साहेब, दूध ठेवेल हाय चुलीवर, उतू जाईन." म्हटलं, बरं, सह्या करून जा. दोघांनी सह्या केल्या आणि पळाले. पंचनामा मी संध्याकाळी ठाण्यात पंख्याखाली बसून सुवाच्य अक्षरात लिहिला. सगळेच असं करायचे. मला शिकवणाऱ्यांनी मला असंच शिकवलं होतं. कागदावर सह्या आधी, मजकूर नंतर. लिहिताना माझा हात क्षणभरसुद्धा अडखळला नाही, हे मी आज कबूल करतो.

केस दोन वर्षांनी उभी राहिली. तोवर तो पोरगा गावात पिठाच्या गिरणीवर होता. बायको त्याच्याच घरी राहिली होती, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. सासरेबुवा दर तारखेला मेहकरहून एसटीनं यायचे आणि जावयाच्या शेजारी बसायचे. जबाब उत्तम झाला, पावत्या दाखल झाल्या. मग चहावाला साक्षीच्या पिंजऱ्यात आला. आरोपीच्या वकिलानं त्याला पंचनामा दाखवला.

"ही सही तुमची?"

"हाव."

"सही केली तेव्हा कागदावर काय लिहिलेलं होतं?"

चहावाल्यानं माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याचा चेहरा असा झाला होता, जणू चूक त्याचीच. "काई नाई साहेब. कोरा होता."

हमालानंही तेच सांगितलं, खरं तेच. झडतीचा पंचनामा गेला, त्याच्यासोबत कपाटातले गठ्ठे गेले. उरल्या पोराच्या स्वतःच्याच सहीच्या पावत्या आणि त्याचा एकट्याचा शब्द, आणि त्याच पोरानं चाळीस जणांच्या सह्या घेतल्याचं जबाबात कबूल केलेलं! आरोपी निर्दोष सुटले. जिनवाल्यांनी जाताना मला नमस्कारसुद्धा केला.

कोर्टाच्या आवारात तो आणि त्याची बायको उभे होते. वरच्या कोर्टात जाऊ, असं काहीतरी बोलायला मी त्यांच्याकडे गेलो. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला,

"साहेब, मले पोट होतं म्हणून म्या सह्या केल्या, घेतल्याबी. तुमाले काय होतं?"

मी वर्दीत उभा. ती म्हणाली, "चला, गाडी निघून जाईन," आणि दोघं एसटी स्टँडकडे चालू लागले. सासरेबुवा माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेले.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत एकाही पंचाला मी कोऱ्या कागदावर सही करू दिली नाही. दूध उतू गेलं तर त्याचे पैसे माझ्या खिशातून दिले. सहकारी हसायचे, "हा बघा, पंचनामा वाचून दाखवणारा!" हसू दिलं. त्या देशाचा नियम चांगलाच होता हो. मॅनेजरला पोटभर पगार मिळावा म्हणून केलेला. पण तो नियम फक्त सही तपासायचा, आणि सही कधी, कुठं, कशावर झाली हे विचारायचं काम ज्याचं होतं, तो मीसुद्धा अर्धा तास सह्याच बघत बसलो होतो. त्या चाळीस मजुरांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. कोणी मला कळवलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आता तुम्ही सांगा. तुमच्या बाबतीत झालंय का असं? कोऱ्या कागदावर कधी सही केलीत का? आणि कोणाकडून कधी घेतलीत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.