ताकदीच्या खान्यात शून्य

वर्षा अडली की रडत नाही, पदर खोचते. महागावाबाहेरच्या तिच्या तांड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. अफरोजला ठाऊक नव्हतं, म्हणून तर गंमत झाली.

साल दोन हजार सहा. कापसाला कोणी विचारत नव्हतं. नवरा जीवन ज्या जिनिंगवर कामाला, ती बंद. तो घरी बसून पंख्याला तेल घालून राह्यला होता. अशात वाहिदभाईंच्या कॉम्प्युटर दुकानात गल्ल्यावरची जागा निघाली. वर्षा कॉम्प्युटरचा कोर्स शिकलेली. ही नोकरी मिळवायचीच, असं ठरवूनच ती आली. पण त्या खुर्चीवर वाहिदभाईंच्या साळ्याचा, अफरोजचाही डोळा. अफरोजचा अर्धा दिवस आरशात स्वतःचे दंड बघण्यात जातो. त्याची बायकोच सांगत फिरते.

दुकानात येणारे सगळे गेम खेळायलाच यायचे. वाहिदभाईंनी त्यातूनच तोड काढली. "आपापला गडी बनवा. डाकूंची खिंड जो पार करन, खुर्ची त्याची. गडी मेला का खेळ खतम."

गडी बनवताना वीस गुण मिळतात; ते ताकद, चपळाई, अक्कल, ओझं वाहणं अशा खान्यांत वाटायचे. अफरोजने वीसच्या वीस ताकदीत ओतले. पहेलवान झोकात निघाला आणि खिंडीच्या तोंडाशीच डाकूंनी त्याला चौफेर घेरून आडवा केला.

वर्षाचा हातही ताकदीवर थबकला. खुर्ची हातची गेली तर? मग तिने पदर खोचला. थोडे गुण अकलेत, बाकी सगळे ओझ्यात. ताकद शून्य.

"ताई, हमाल बनवून राह्यल्या का?"

"तुह्या पहेलवानाले आधी पाणी पाज, अफरोजभाऊ."

तिने गेममधल्या बाजारातून मिठाच्या गोण्या लादल्या. गडी म्हशीसारखा चालू लागला. खिंडीत शिरतो न शिरतो तोच मागून डाकू धावले. पाठीत बाण. जीव निम्मा.

"काहून, पळत नाही का तुमचा हमाल?" अफरोज खिदळला.

सासरे शंकरसिंग सांगायचे, लदेणीवरचे लमाण बैलांवरून माल न्यायचे आणि मुक्कामाला गोण्यांची थप्पी लावून तिच्याआड निजायचे. वर्षाने खिंडीच्या अरुंद जागी एकेक गोणी टाकायला सुरुवात केली. एकीवर एक. आणखी एक बाण लागला. तिचा हात थांबला नाही. शेवटची गोणी बसली आणि डाकू भिंतीवर डोकी आपटत राहिले. आता गड्याची पाठ मोकळी. तो असा सुटला की खिंड कधी संपली ते कळलंच नाही.

"हे चिटिंग हाय, दुल्हाभाई!"

वाहिदभाईंनी दाढी खाजवली. "सामान खाली ठेवाले मनाई कोणं केलती?"

वर्षा खुर्चीपाशी गेली. अफरोज अजून तिथंच बसलेला.

"उठा अफरोजभाऊ. खेळायचं असन तं नाव सांगा, नंबर लावते."