करडईचं तेल आणि डिस्क ब्रेक: चाकूर ते सहस्रकुंड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं हे मी पावसाळ्यातच ठरवून टाकलं होतं. पाऊस उघडलेला असतो, रस्ते सुकलेले असतात आणि सहस्रकुंडाला पाणी अजून भरपूर असतं. नवऱ्याने सोयाबीनच्या राशीचं कारण सांगून अंग काढून घेतलं. त्याचं कारण खरं होतं, म्हणून मीही फार ताणलं नाही. नांदेडहून पुढे माझी नणंद अर्चना सोबत येणार होती. चाकूर ते नांदेड मात्र मी एकटीच.

आधी सायकलबद्दल थोडं सांगते, कारण या प्रवासाचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. माझी जाड टायरची एमटीबी आहे, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची. चाकाच्या मधोमध पोलादी चकती असते, तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. लिव्हर दाबली की बारीक नळीतलं तेल त्या पॅडना ढकलतं. एका बोटात सायकल थांबते, तार ताणायची कटकट नाही. नवी आणली तेव्हा मी हौसेने सासूबाईंना दाखवलं होतं, "आत्या, हा ब्रेक तेलावर चालतो." आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. आत्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्या हेल्मेटकडे पाहिलं आणि शेळीला पाला टाकायला निघून गेल्या.

पुढची तीन वर्षं त्यांचं तोंड वाकडंच होतं. गणिताची मास्तरीण, दोन लेकरांची आई आणि भल्या सकाळी टोपलं डोक्यात घालून हायवेवर! भावकीत कुणी विषय काढला की त्या गप्प बसायच्या. नुसत्या शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून यंदा खंडेनवमीला शाळेतून घरी आले आणि दारातच थबकले. अंगणात विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदीकुंकू लागलेलं होतं, आणि ट्रॅक्टरच्या शेजारी माझी सायकल. हँडलला झेंडूचा हार. चकत्या आरशासारख्या लखलखत होत्या. "घरातलं एक बी आवजार बिनपूजेचं ऱ्हाऊ नाही," आत्या म्हणाल्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या. मला रडू आलं. माझी सायकल घरच्या अवजारांत मोजली गेली होती.

निघाले तेव्हा नुकतं फटफटत होतं. आत्यांनी धपाटे आणि चटणी बांधून दिली. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर बारीक किंचाळला आणि जरा उशिरा लागला. रात्रीचं दव असेल म्हणून मी सोडून दिलं. अहमदपूरपर्यंत रस्ता मोठा आणि गुळगुळीत, ब्रेक लावायची वेळच फार येत नाही. तिथे स्टँडजवळ सुशीला खाल्ली. चुरमुऱ्याचा हा प्रकार पुण्याच्या मैत्रिणींना समजावून सांगावा लागतो, आपल्याकडे तो पोटभर नाश्ता आहे. सोबत चहा. नव्वद-शंभर रुपयांत दुपारपर्यंतची सोय झाली.

अहमदपूर सोडल्यावर काही अंतराने बालाघाटाचा उतार सुरू होतो. सायकलवाल्यांना हा टप्पा फार आवडतो, मलाही आवडतो. हवा कानात शिरायला लागली आणि एका वळणावर समोर शेळ्या आल्या. कळपच्या कळप, अख्खा रस्ता अडवून. मी दोन्ही लिव्हर दाबल्या. सायकल अशी किंचाळली की शेळ्यांच्याही माना वळल्या. पण वेग जेमतेम कमी झाला. लिव्हर घट्ट होती, पॅड चकतीला टेकत होते आणि सायकल पुढे चाललीच होती. शेवटी मी ती डावीकडे तुरीच्या शेतात घातली आणि तुरीसकट आडवी झाले.

शेळ्यांमागचा म्हातारा धावत आला. "ओ बाई, हारन कामून वाजवून राहिल्या एवढा? थांबा की!"

"हॉर्न नाही हो दादा, ब्रेक आहे."

"ह्यो बिरेक हाय?" त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग हारन कसा असंल माय!"

हसावं की रडावं कळेना. कोपर सोललं होतं, बाकी धड होते. पण त्या वळणावर शेळ्यांच्या जागी ट्रक असता तर हे लिहायला मी नसते. थोडं पाणी प्यायले, चकती गार होऊ दिली (उतारानंतर लगेच हात लावू नका, चटका बसतो) आणि बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला. करडईचं तेल. आमच्याच घाण्याचं.

मग सगळं लख्ख समजलं. ब्रेक तेलावर चालतो, असं मीच सांगितलं होतं. आत्यांनी ते तीन वर्षं लक्षात ठेवलं आणि पूजेच्या दिवशी दोन्ही चकत्यांना तेल चोळून त्या लखलखीत केल्या. सून लांब निघालीय, ब्रेक चांगला लागावा म्हणून.

डिस्क ब्रेकचं एवढं एकच पथ्य आहे: तेल आत असू द्या, बाहेर थेंबही नको. पॅड तेल पितात आणि एकदा प्यायले की बहुतेक वेळा कामातून जातात. मी उतारभर सायकल हातात धरून चालले. पुढे सपाटीला सोयाबीनची पोती नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने सायकल पोत्यांवर टाकून नांदेडला सोडलं. डिझेलचे म्हणून दिलेले पैसे त्याने घेतले नाहीत, धपाटे मात्र आनंदाने घेतले.

अर्चनाच्या घरी कोपराला मलम लावता लावता मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली.

"वैनी, आईला सांगू नको."

"का गं?"

"तुला ठाव न्हाई ती. माझ्या लग्नात तिनं केलेल्या बुंदीला कुणी तरी नावं ठेवली. त्याच्यानंतर तिनं बुंदी पाडलीच न्हाई. एकदा हात मागं घेतला की पुन्हा पुढं करत न्हाई ती. सायकलला हात लावला हेच लई झालं."

मला ते पटलं. तीन वर्षांनी उघडलेलं दार मी स्वतःच्या हाताने लावायचं का?

दुसऱ्या दिवशी सकाळ पॅड शोधण्यात गेली. नांदेडात दोन दुकानं पालथी घातल्यावर तिसऱ्याकडे आमच्या ब्रेकचे पॅड मिळाले. दोन्ही चाकांचे मिळून हजाराच्या आत. लांब जाणाऱ्यांनी एक जोड बॅगेत ठेवावाच, काडेपेटीएवढी जागा लागते. चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कपड्याने पुसल्या, पुन्हा बोट न लावता. दुकानदार उत्साहाने मोटरसायकलचं ब्रेक ऑइलही भरायला निघाला होता, त्याला थांबवलं. माझ्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, दुसरं घातलं तर आतली रबरं खराब होतात. तुमच्या ब्रेकला कोणतं लागतं ते लिव्हरवर किंवा पुस्तिकेत पाहून घ्या.

नवे पॅड लगेच धरत नाहीत. भोकरच्या रस्त्यावर मोकळी जागा बघून वेग घ्यायचा, हळूहळू दाबत जवळजवळ थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा, असं वीसेक वेळा केलं. अर्चना मागून ओरडत होती, "वैनी, जायचंय का थांबायचंय, एक काय ते ठरव!" तिची तारेच्या ब्रेकची साधी सायकल कुठेही कुरकुर न करता चालली होती, याची ती दर थांब्याला आठवण करून देत होती.

भोकरला मुक्काम केला. हिमायतनगरनंतर रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा आहे, पण दोन्हीकडे कपाशी आणि लांबवर सागाचं रान, त्यामुळे तक्रार करवत नाही. इस्लापूरला पिठलं-भाकरी खाल्ली आणि तिथून थोड्याच अंतरावर सहस्रकुंड. आधी आवाज येतो. मग काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून पैनगंगा शेकडो धारांनी खाली येताना दिसते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. खडक शेवाळलेले आहेत, काठ सोडू नका.

तिथेच आत्यांचा फोन आला. पाण्याच्या आवाजात त्या ओरडूनच बोलत होत्या. "पोचल्या का गं? बिरेक लागायलाय का चांगला?"

मी अर्चनाकडे पाहिलं. अर्चनाने फोन ओढून स्पीकरवर टाकला. "एकदम झकास, आई!"

"लागंलच की. म्या तेल घातलंय," आत्या म्हणाल्या. त्या आवाजात इतका आनंद होता की मला समोरचा धबधबा दिसेनासा झाला.

किनवटला संध्याकाळी पोचलो आणि सकाळच्या रेल्वेने नांदेडला परतलो. सायकल सामानाच्या डब्यात बुक करता येते, पण जरा लवकर जा. चाक काढलं तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. चकती नसताना कुणी लिव्हर दाबली की पॅड एकमेकांना चिकटून बसतात. नांदेडहून मी पुन्हा एकटीच चाकूरकडे निघाले. तो उतार आता चढ झाला होता. तुरीतली माझी जागा अजून दबलेली दिसत होती. तिथे उभी राहून मी खोटं बोलण्याची तयारी केली. पण हिशेब जुळेना. दिवाळीच्या पाडव्याला आत्या पुन्हा तेल घालणार, पुढच्या दसऱ्यालाही घालणार. दर वेळी चोरून पॅड बदलायचे? आणि एखाद्या वेळी मी विसरले तर?

घरी आत्यांनी पाणी दिलं आणि माझं कोपर पाहिलं. मी सांगून टाकलं.

"तूच म्हनलीस तेलावर चालतो," त्या म्हणाल्या.

"आत चालतो, आत्या. बाहेर लागलं की निसटतो."

"म्हंजी म्याच तुला पाडलं." त्या उठून आत गेल्या. दिवाळीपर्यंत त्यांनी सायकलकडे मान वळवून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. अर्चनाचं ऐकायला हवं होतं असंही मनात येऊन गेलं.

पाडव्याला सकाळी त्यांनी हाक मारली. सायकल अंगणात काढलेली होती. ताटात कुंकू, अक्षता, निरांजन. दोन्ही चकत्यांना जुन्या धोतराचा कपडा गुंडाळून सुतळीने बांधला होता, वासराला मुसकं बांधतात तसा.

"ते सोड," आत्या म्हणाल्या. "पूजा मागून. आधी चालवून दाव."

मी कपडे सोडले आणि सायकल पार मागच्या गोठ्यापर्यंत नेली. आत्या ताट घेऊन फाटकात उभ्या राहिल्या, बरोबर मधोमध.

"आत्या, बाजूला व्हा!"

"कामून? लागतोय म्हनलीस ना? ये."

मी आले. लिव्हर दाबली. चाक त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबलं, जराही आवाज न करता. आत्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"लागतोय," त्या म्हणाल्या आणि कुंकवाचं बोट हँडलला लावलं, मग माझ्या कपाळाला. तेलाची वाटी त्यांनी घरातच ठेवली होती.