काळदुर्ग, सायकली आणि वसंतदादाची पिशवी

किस्से आम्ही काही ठरवून जमवले नाहीत. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं सायकली काढतो, एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी लावतो आणि वर चढतो. एवढंच! तरी सोमवारी कॅन्टीनमध्ये मी तोंड उघडलं की लोक घास हातातच धरून बसतात.

चौघं म्हणजे मी, बोईसरच्या एका कारखान्यातला लॅबवाला. आमचे मॅनेजर देसाई साहेब. शिरगावची सुनीताताई, नर्स. आणि उमरोळीचा वसंतदादा, सायकल दुरुस्तीवाला.

*

देसाई साहेबांच्या महागड्या सायकलीतून 'कट-कट' आवाज यायचा. साहेबांनी व्हिडिओ बघून चेन बदलली, पॅडल बदललं. आवाज तसाच! शेवटी वसंतदादाने साहेबांना एक चक्कर मारायला लावली, कान दिला आणि सीटखालचा पाऊच उघडला.

"साहेब, सायकल बरी हाय. तुमच्या घराची चावी वाजते!"

*

एकदा दुकानात एक कामगार आला. "भैया, ब्रेक नहीं लगता."

दादाने ब्रेक आवळला. पाच मिनिटांत तो परत, सायकल खांद्यावर!

"भैया, अब तो चलती ही नहीं!"

"तुम ब्रेक का बोला ना? चलने का किधर बोला?"

*

मासवणजवळ माझी ट्यूब वॉल्व्हपाशीच फाटली. तिथे पॅच बसत नाही आणि जादा ट्यूब कुणाकडेच नव्हती. दादाने शेतातला पेंढा मागून आणला, टायरमध्ये ठासून भरला. "हळू चालव, पोचशील!"

खरंच पोचलो! टपरीवर चहा घेऊन मागे वळलो, तर एक बकरी निवांतपणे माझं टायर रिकामं करत होती.

तेव्हापासून दादाच्या पिशवीत एक नवी ट्यूब आणि छोटा पंप कायम असतो.

*

एका कातळावर देसाई साहेब मध्येच थिजले. दादा खालून म्हणाला, "साहेब, डावा पाय त्या खाचेत. आता उजवा. हात सोडू नका!" एकेक पाऊल करत साहेब वर पोचले. डोळे पुसत म्हणाले, "वसंता, काय शिकवतोस रे! तू कितीदा चढलायस इथं?"

"मी? मी अजून खालीच हाय ना!"

*

आणि काळदुर्ग. उतरताना सुनीताताईचा पाय मुरगळला. घोटा टम्म फुगला, ताईचा चेहरा पांढराफटक. ताईच म्हणाली, "हाड मोडलं असेल. पाय हलता कामा नये."

दादाने पिशवीतून ट्यूब काढली, घोट्याभोवती गुंडाळून बांधली आणि पंपाने हळूहळू हवा भरली. "घट्ट होते का?" "बस, बस! थोडी सोड." पाय मऊ गादीत बसावा तसा बसला.

तेवढ्यात खालच्या पाड्यावरचा लखमा मोळी आणायला निघालेला भेटला. त्याने ताईला पाठुंगळी घेतलं. "जपून रे, जड आहे मी!" ताई कण्हली.

"कशाची जड? माझी मोळी याहून जड!"

"परत म्हण रे!" एवढ्या कळांतही ताई हसली.

पालघरला डॉक्टरांनी पाय पाहिला. "हे कुणी बांधलं? उत्तम!" आणि कात्री उचलली.

दादाने त्यांचा हात धरला. "ओ डॉक्टर, कापू नका! आधी हवा सोडा!"

डॉक्टरांनी वॉल्व्ह उघडला. फुस्सऽऽऽ!

शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली.

"अगो बाय! पोरीचा पाय पंक्चर झाला का गो?"